अकरा महिन्यांची ऑर्डर, रोजचं तेच काम: मन टिकवायचं कसं?

दर अकरा महिन्यांनी आमच्या टेबलावर एकच विषय असतो, मुदतवाढीचं पत्र आलं का. बाकी दिवस विषय असतो, पगार जमा झाला का. या दोन प्रश्नांच्या मध्ये काम होतं. मी सांगलीत एका सरकारी कार्यालयात एजन्सीमार्फत डेटा एंट्री करते. जुनी जन्म-मृत्यूची रजिस्टरं, म्हणजे गाव नमुना नंबर १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, ती वाचायची आणि संगणकात भरायची. नाव, बापाचं नाव, जात, गाव, तारीख. पुढची ओळ, पुढचं पान. हे माझं चौथं वर्ष.

पहिल्या वर्षी तासगावहून सकाळच्या एसटीत बसताना पोटात गोळा यायचा. काम अवघड म्हणून नाही, अजिबात अवघड नाही म्हणून. आता तसं होत नाही. काम तेच आहे, नेमणुकीची ऑर्डर अजूनही अकरा महिन्यांचीच आहे. मधल्या काळात जे जे करून पाहिलं आणि टिकलं, ते ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने सांगते. कुपवाड एमआयडीसीत पॅकिंगला असणाऱ्यांना, बँकेसाठी कागद स्कॅन करणाऱ्यांना, मिरजेत दवाखान्याच्या काउंटरवर बसणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी सात दिवसांची वही

कंटाळा आला, असं आपण एका शब्दात म्हणून मोकळे होतो. तो नेमका कशाचा आला, ते बघायचं. एक लहान वही घ्या. कामावर हात थांबला, मन उठलं, की वेळ आणि चार शब्द लिहा. सात दिवस फक्त नोंद करायची, उपाय शोधायचा नाही.

माझ्या वहीतल्या तीन ओळी:

मंगळवार, ११.२०. शेजारच्या भाऊंनी विचारलं, पगार झाला का. त्यानंतर हात चालेना.
बुधवार, ३.१०. हे रजिस्टर संपलं की दुसरं. किती आहेत कुणालाच माहीत नाही.
गुरुवार, १२.००. "त्या कंत्राटी मुलीला बोलवा."

आठवड्याच्या शेवटी १९ नोंदी झाल्या. त्यातल्या ८ पैशाच्या काळजीच्या होत्या. ६ काम संपतच नाही याच्या, ४ वागणुकीच्या. प्रत्यक्ष काम नीरस आहे म्हणून थांबले, अशी नोंद एकच निघाली. मला हे बघून खरंच धक्का बसला. वर्षभर मी कामाला दोष देत होते आणि मोबाईलवर उत्साह वाढवणारी भाषणं ऐकत होते. पण पगार न झाल्याची काळजी भाषणाने जात नाही. तुमची विभागणी वेगळी निघेल. जे जास्त निघेल, तिथून सुरुवात करा. माझी सुरुवात पैशापासून झाली.

कागद हातात घ्या

एका संध्याकाळी बसून चार गोष्टी एका फाइलीत लावा: नेमणुकीचं पत्र, पगाराच्या पावत्या, पीएफचा यूएएन, म्हणजे एजन्सी बदलली तरी तोच राहणारा खाते क्रमांक, आणि ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, क्रमांक. यातलं जे नसेल ते एजन्सीकडे लेखी मागा. व्हॉट्सॲपवरचा मेसेजसुद्धा लेखीच धरला जातो, पण ई-मेल बरा.

मग हिशेब तपासा. पीएफसाठी तुमच्या मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के तुमच्याकडून जातात आणि तेवढेच मालक म्हणून एजन्सीने भरायचे असतात. एजन्सीच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, ३.६७ टक्के तुमच्या पीएफमध्ये. १५,००० रुपये धरले तर तुमचे १,८०० आणि एजन्सीचे १,८००, ज्यातले सुमारे १,२५० पेन्शनकडे. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असेल तर ईएसआय लागू होतो. तुमचा वाटा ०.७५ टक्के, मालकाचा ३.२५ टक्के. ही रक्कम लहान दिसते, पण घरच्यांच्या उपचाराचा खर्च त्यावर निघतो, म्हणून कार्डावर घरच्यांची नावं घातली आहेत का ते आजच बघा.

दोन्हीचे पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. म्हणून दर महिन्याच्या २० तारखेला उमंग ॲपवर पासबुक उघडायचं. माझ्या बाबतीत एका एजन्सीने तीन महिने पगारातून पीएफ कापला आणि भरलाच नाही. मला ते सात महिन्यांनी कळलं, कारण मी बघतच नव्हते. पावत्यांच्या झेरॉक्स जोडून एजन्सीला पत्र दिलं, प्रत कार्यालयप्रमुखांना दिली आणि भविष्य निर्वाह निधीच्या तक्रार पोर्टलवर नोंद केली. पैसे भरले गेले. पण ते सात महिने मी जी धुसफूस कंटाळा म्हणून अंगावर वागवली, तिच्यात या शंकेचा वाटा मोठा होता.

एजन्सी बदलली की नवा यूएएन काढू देऊ नका. माणूस एक, यूएएन एक. नव्या एजन्सीला जुनाच १२ आकडी क्रमांक द्या. पेन्शनला पात्र व्हायला एकूण १० वर्षांची सेवा लागते. दोन-तीन यूएएन झाले की ती सेवा तुकड्यांत पडून राहते आणि जोडायला चपला झिजतात.

पगार कुठे अडला, ते विचारायला शिका

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत व्हायला हवा, असं वेतन संहिता सांगते. एजन्सीने दिला नाही तर ज्या आस्थापनेत आपण काम करतो तिची जबाबदारी येते, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि नव्या संहितेतही आहे. हे माहीत असू द्या. पण रोज भांडायची ताकद कुणाकडेच नसते, म्हणून त्याआधी पैशाची वाट समजून घ्या.

आमच्याकडे ती अशी आहे. महिनाअखेरीस हजेरीपत्रकावर साहेबांची सही होते. ते एजन्सीकडे जातं. एजन्सी बिल करते, मागच्या महिन्याची पीएफ-ईएसआयची चलनं जोडते. कार्यालयात बिल तपासलं जातं, कोषागारात जातं, पैसे एजन्सीच्या खात्यात येतात आणि मग आमच्या. यात गाडी बहुतेकदा दोन जागी अडते: हजेरीवर सही राहते, नाहीतर चलन जोडलेलं नसतं म्हणून बिल परत येतं. आता मी "पगार कधी होणार?" असं विचारत नाही. त्याला "होईल, होईल" हेच उत्तर मिळतं. मी १ तारखेला विचारते, "हजेरी गेली का?" आणि ८ तारखेला, "बिल कोषागारात गेलं का?" अशा प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर द्यावंच लागतं, आणि नाही असेल तर कुणाच्या टेबलावर कागद आहे ते कळतं. दोनदा तर हजेरीपत्रक मी स्वतः सहीला ठेवलं आणि त्याच दिवशी पाठवलं.

तरीही उशीर होतोच, मार्चनंतर तर हमखास, नवं अनुदान येईपर्यंत. त्यासाठी दोन पगारांएवढी रक्कम बाजूला हवी. एकदम जमत नाही. मी बँकेत एक वर्षाचं आवर्ती खातं काढलं, महिना १,००० रुपयांचं. पोस्टाचं आवर्ती खातं १०० रुपयांपासून निघतं आणि चांगलं आहे, पण ते पाच वर्षांचं असतं आणि तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही. पगार अडला तर लागणारे पैसे तिथे ठेवू नका. भिशी माझ्या मते यासाठी नाही, कारण आपली पाळी आणि आपली अडचण एकाच महिन्यात येईल याची खात्री नसते. तिकिटात वाचलेले पैसेही मी त्याच खात्यात टाकले. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, आणि रोजच्या दोन फेऱ्यांचा फरक महिन्याला डोळ्यांत भरतो.

ती रक्कम पूर्ण व्हायला दीड वर्ष लागलं. पण पहिले पाच हजार साठले तेव्हाच वहीतल्या मंगळवारसारख्या नोंदी कमी व्हायला लागल्या.

काम मोजा, म्हणजे त्याला टोक येतं

किती रजिस्टरं आहेत हे कुणालाच माहीत नाही, ही माझी दुसरी मोठी नोंद होती. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत शिपाई मामांना घेऊन मी रॅकजवळ गेले. लाल कापडात बांधलेले बस्ते होते. मामा गाठी सोडत होते, मी आतली रजिस्टरं मोजत होते. त्या तालुक्याची २१४ निघाली. नदीकाठच्या एका गावाची दोन २०१९ च्या पुरात भिजलेली होती. पानांच्या खालच्या चार बोटांच्या पट्टीत अजून मातीचा रंग होता आणि पानं एकमेकांना चिकटली होती. मामा म्हणाले, "ती शेवटी घे, आणि पट्टी घालून सोडव, ओढू नको."

२१४ चौकोनांचा एक कागद मी भिंतीवर लावला. रजिस्टर झालं की एक चौकोन रंगवायचा. आम्ही तिघं होतो. पंधरा दिवसांत बाकीचे दोघेही रंगवायला लागले. तुमच्या कामात रजिस्टर नसेल, पेट्या असतील, फाइली असतील, टोकन असतील. वरून कुणी आकडा देत नसेल तर स्वतः काढा.

त्यानंतर तासांचा हिशेब. चार दिवस मी दर तासाला किती नोंदी झाल्या ते लिहिलं. सकाळी तासाला २६, जेवणानंतर १४, चारनंतर पुन्हा २०. म्हणजे दुपारचा तो एक-दीड तास कितीही जोर लावला तरी मेलेलाच. आधी मी त्या वेळात स्वतःवर चिडायचे. आता कामच वेगळं लावते. पुसट अक्षर, तुटक शाई, कठीण नावं सकाळी. स्वच्छ, सरळ हस्ताक्षराची पानं चारनंतर. आणि दुपारी तपासणी: सकाळच्या नोंदींतली दर दहावी नोंद रजिस्टरशी ताडून बघायची. तपासताना जागा बदलते, रजिस्टर हातात येतं, डोळे उघडे राहतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब, वीसेक फुटांवर बघायचं, हा डोळ्यांचा नियम खिडकीजवळ बसलात तर सहज पाळला जातो.

चुकांसाठी वहीत वेगळं पान ठेवा. माझ्या पानावर पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट दिसली. आम्ही तिघं एकाच गावाचं नाव तीन तऱ्हांनी भरत होतो: कवठेमहांकाळ, कवठे महांकाळ, क. महांकाळ. पुढे कुणी शोध घेतला असता तर तीनातल्या दोन तऱ्हांच्या नोंदी सापडल्याच नसत्या. मी एक्सेलमध्ये गावांची एकच यादी केली आणि त्या रकान्यात निवडीचा बाण लावला, म्हणजे टाइप करायचंच नाही, निवडायचं. डेटा व्हॅलिडेशन नावाची ही सोय शिकायला अर्धा तास लागतो.

जिल्ह्याच्या रकान्यात त्याहून मोठा घोळ होता. १९४९ पर्यंत खानापूर, तासगाव, वाळवा हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्यामुळे एकाच गावाच्या वेगवेगळ्या रजिस्टरांच्या डोक्यावर तीन वेगवेगळे जिल्हे दिसतात. कुणी बघून सातारा भरत होतं, कुणी आपल्या मनाने सांगली. मी मॅडमकडे एका पानाचा कागद घेऊन गेले: मूळ जिल्हा आणि आजचा जिल्हा, असे दोन रकाने करावेत. त्यांनी दोन दिवसांनी होकार दिला. कंत्राटी माणसाने सुचवायचं कशाला, असं मला आधी वाटायचं. पण रोज आठ तास त्या कागदात आपणच असतो. आपल्याला दिसलेली चूक दुसऱ्या कुणाला दिसणार नाही. सुचवताना तक्रारीच्या सुरात नको, उदाहरण आणि उपाय एकाच कागदावर, आणि तोही छोटा.

हा कागद शेवटी कुणाच्या हातात जातो, ते एकदा डोळ्यांनी बघा

ही पायरी मला सगळ्यात उशिरा कळली, आणि मला वाटतं सगळ्यात खोल तीच आहे.

जूनमधली गोष्ट. खानापूर तालुक्यातले एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. मुलीच्या प्रवेशासाठी जात पडताळणी अडली होती. जुना पुरावा लागतो, आणि तो ठरावीक तारखेच्या आधीचा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्यांना १९६१ च्या आधीचा हवा होता. आजोबा शाळेत गेलेच नव्हते, म्हणून शाळेच्या जनरल रजिस्टरात काही नव्हतं. ते तीन कार्यालयं फिरून आले होते. हातातल्या पिशवीत झेरॉक्सचा गठ्ठा होता आणि तो ते सारखा वरून दाबून सरळ करत होते.

त्यांच्या गावाचं रजिस्टर आम्ही मार्चमध्ये भरलेलं होतं. गावाचं नाव यादीतून निवडलेलं, म्हणून शोध लगेच लागला. आजोबांची नोंद नव्हती, पण आजोबांच्या थोरल्या भावाची होती. १९३८, बापाचं नाव तेच, आणि जातीचा रकाना भरलेला. मी बस्ता काढायला सांगितला, मूळ पान उघडलं. पुसट शाई, पण अक्षर लागत होतं. गृहस्थांनी बोट नावाखाली धरलं आणि मुलीला म्हणाले, "हे आपलं थोरलं आज्जं." मुलगी ते पान मोबाईलवर घ्यायला लागली तेव्हा त्यांनी तिला थांबवलं आणि मला विचारलं, "ताई, घेऊ का?" साक्षांकित नकलेचा अर्ज कसा करायचा ते मी त्यांना लिहून दिलं.

ती ओळ मीच भरली होती का, ते मला आठवत नाही. आठवणं शक्यही नाही, त्या महिन्यात मी तीन हजारांच्या वर ओळी भरल्या होत्या. पण त्या दिवसापासून जातीच्या आणि बापाच्या नावाच्या रकान्यात माझी बोटं सावकाश चालतात.

तुमच्या कामाचं हे टोक शोधा. पॅकिंगला असाल तर तो डबा कुठे उघडला जातो ते विचारा. केवायसी स्कॅन करत असाल तर कागद पुसट आला म्हणून कुणाचं खातं अडतं ते शाखेत जाऊन बघा. वरिष्ठांना म्हणा, एक दिवस मला समोरच्या खिडकीवर बसू द्या. बहुतेक जण देतात, कारण त्या खिडकीवर बसायला कुणीच तयार नसतं.

वागणुकीचं काय करायचं

"कंत्राटी मुलगी" या शब्दाने माझ्या चार नोंदी भरल्या होत्या. यावर माझ्याकडे पूर्ण उपाय नाही. जे उपयोगी पडलं तेवढंच सांगते. कुणी तसं बोलावलं की मी जाते, काम ऐकते आणि शेवटी शांतपणे स्वतःचं नाव सांगते: "काही लागलं तर मला नावाने हाक मारा." तिसऱ्या-चौथ्या वेळी बहुतेक जण नावावर येतात. दुसरं, कायम कर्मचाऱ्याचं काम आपल्याकडे आलं तर करा, पण कुणी सांगितलं आणि किती वेळ गेला ते वहीत लिहा. भांडायला नाही, आपल्या कामाचा आकडा कमी दिसला तर दाखवायला. आणि घरची खाजगी कामं, मुलाच्या प्रोजेक्टचं टायपिंग वगैरे, पहिल्याच वेळी नाही म्हणा. दहाव्या वेळी नाही म्हणणं फार अवघड जातं.

ऑर्डर संपल्यावर सोबत येईल असं एक शिका

एकच, आणि सकाळी. संध्याकाळचा अभ्यास माझ्याच्याने कधी झाला नाही, डोळे संपलेले असतात.

टायपिंगचं प्रमाणपत्र नसेल तर आधी तेच. लिपिक-टंकलेखकाच्या भरतीत मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट लागतात आणि त्याची परीक्षा राज्य परीक्षा परिषद घेते. कामावर फोनेटिक कीबोर्डवर हात बसला असेल तर परीक्षेचा कीबोर्ड कोणता, ते क्लासमध्ये पहिल्याच दिवशी विचारा. मी ते विचारलं नाही आणि दोन महिने वाया गेले. एमएस-सीआयटी बहुतेकांकडे असतंच.

जुन्या कागदांच्या कामात असाल तर मोडी शिका. आमच्या रजिस्टरांत जुनी पानं मोडीत असतात, आणि २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणारी माणसं सगळीकडे शोधली जात होती. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचं प्रशिक्षण देतं. मी रोज सकाळी अर्धा तास एक पान घेते. पहिल्या महिन्यात फक्त आकडे आणि महिने ओळखू आले, तेवढ्यानेही काम सोपं झालं. शक वर्षात ७८ मिळवले की इसवी सन निघतं, आणि पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत ७९. ही एक गोष्ट कळल्यावर आधी सोडून दिलेल्या कितीतरी नोंदींच्या तारखा मला भरता आल्या.

तारीख ठरवा

शेवटची पायरी सोडण्याची. कधीतरी सोडू, असं मनात ठेवून रोज कामावर जाणं फार थकवतं. म्हणून मी दर मुदतवाढीला एक तारीख ठरवते आणि त्या तारखेपर्यंत सोडण्याचा विचार बंद ठेवते. त्या दिवशी वही उघडून तीन गोष्टी बघते: या अकरा महिन्यांत नवं काय शिकले, बाजूला किती पडले, आणि नोंदींची विभागणी कशी बदलली. शिकणं शून्य आणि पैशाच्या नोंदी पहिल्याइतक्याच, असं सलग दोनदा दिसलं तर दुसरीकडे अर्ज करायचे. नवं पत्र हातात आल्याशिवाय जुनं सोडायचं नाही.

अनुभवाचं प्रमाणपत्र मात्र सोडताना मागू नका. प्रत्येक मुदतवाढीला मागा, तेव्हा एजन्सीला आपली गरज असते. त्यात कामाचं स्वरूप आणि तारखा स्पष्ट लिहून घ्या, नुसतं "समाधानकारक काम केले" नको. एजन्सी सुटली की पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का ते बघा. त्यांनी भरली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती आपल्याला स्वतः पोर्टलवर भरता येते.

माझी यंदाची तारीख ३१ मार्च आहे. भिंतीवरच्या कागदावर सध्या तिसरा तालुका चालू आहे, आणि पुरात भिजलेल्या त्या दोन रजिस्टरांपैकी एक मी गेल्या आठवड्यात पट्टी घालून, पान पान सोडवून पूर्ण केलं.